तंबाखू उद्योगाचा हस्तक्षेप मोजायचा कुठे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या मागच्या लेखावर आपला आक्षेप असा, की तंबाखूचे सेवन घटते ते करवाढीमुळे आणि सार्वजनिक ठिकाणच्या बंदीमुळे. धोरणांवरील उद्योगाचा प्रभाव रोखण्याच्या प्रयत्नांनी कोणाचे व्यसन सुटल्याचे दिसत नाही, तरीही मी त्यांना यशस्वी ठरवतो. यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. मात्र करवाढ किंवा बंदी आपोआप होत नाही. त्यासाठी कायद्याचा मसुदा तयार व्हावा लागतो, आणि उद्योग आपले वजन वापरतो ते याच टप्प्यावर; म्हणून कायदा किती लांबला, त्यातली कोणती कलमे गळाली आणि तो न्यायालयात टिकला का, हे आधी मोजायला हवे.

न्यूझीलंडने साध्या वेष्टनांचा, म्हणजे पाकिटांवरून कंपन्यांची बोधचिन्हे आणि रंगसंगती काढून टाकण्याचा, निर्णय २०१३ मध्ये जाहीर केला. पण ऑस्ट्रेलियाच्या तशाच कायद्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत आणि गुंतवणूक लवादापुढे चाललेल्या दाव्यांकडे पाहत तो रेंगाळला, संमत झाला २०१६ मध्ये आणि अमलात आला २०१८ मध्ये. ही वर्षे सेवनाच्या वार्षिक आकडेवारीत वेगळी दिसणार नाहीत, पण ती वाया गेलीच. याउलट उरुग्वेवर फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने २०१० मध्ये दावा लावला, तेव्हा त्या छोट्या देशाला लढण्यासाठी बाहेरून आर्थिक मदत मिळाली. २०१६ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि पाकिटाचा ८० टक्के भाग व्यापणारे इशारे कायम राहिले. त्या मदतीचे मूल्यमापन करताना मी तरी हेच फलित धरीन.

आपला दुसरा मुद्दा, मोजणारे आणि मोहीम चालवणारे एकच असतात हा, मला अधिक गंभीर वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण आराखडा कराराच्या कलम ५.३ साठी (धोरणे तंबाखू उद्योगाच्या प्रभावापासून दूर ठेवण्याचे कलम) २००८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली गेली आणि त्यांवर आधारलेला जागतिक हस्तक्षेप निर्देशांक २०१९ मध्ये ३३ देशांसाठी प्रथम निघाला. त्यात गुण जितके कमी, तितका हस्तक्षेप कमी मानला जातो. पण हे गुण नागरी संघटना सार्वजनिकरीत्या उपलब्ध माहितीवरून देतात. मग जिथे मंत्री आणि कंपन्यांच्या भेटींची नोंदच जाहीर होत नाही, तिथे पुरावा न सापडल्यामुळे देश निर्दोष दिसण्याचा धोका राहतो, आणि सगळ्या नोंदी खुल्या ठेवणाऱ्या देशाचेच दोष मोजले जातात. पारदर्शकतेचा प्रश्न त्या निर्देशांकात आहे, हे खरे. परंतु एकूण बेरजेत तो विरघळतो. तो स्वतंत्र दाखवला जावा, असे माझे मत आहे. मागच्या लेखात केवळ एकूण गुण पाहून मी काही देशांची प्रशंसा केली होती, ती मी मागे घेतो; तो परिच्छेद आज दुरुस्त करत आहे.