तिवरे तोडल्याने खाडी खोल होणार नाही

पावसाळा तोंडावर आला की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तिवरांविषयी, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांविषयी, एक मजकूर फिरू लागतो: ‘तिवरांमुळे ठाण्याची खाडी गाळाने भरली. पूर्वी इतकी तिवरे नव्हतीच. ती तोडा, म्हणजे खाडी खोल होईल आणि वाशी-बेलापुरात पाणी तुंबणार नाही.’

पहिल्या विधानात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. डोंगरउतारांवरून नाल्यांतून येणारी बारीक माती खाऱ्या पाण्यात मिसळली की तिचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि प्रवाह मंदावेल तेथे तळाशी बसतात. तिवर रुजते ते अशा, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर. सतत पाण्याखाली असणाऱ्या खोल पात्रात ते रुजत नाही. रुजल्यावर त्याची श्वासमुळे आणखी गाळ धरतात, हे मात्र मान्य केले पाहिजे.

प्रवाह मंदावतो कशाने, हा खरा प्रश्न आहे. खाडीचे पात्र खोल राहते ते भरतीला आत शिरलेले पाणी ओहोटीला वेगाने बाहेर पडताना गाळ ओढून नेते म्हणून. उधाणाचे पाणी ज्या खाजणांवर आणि चिखलपट्ट्यांवर पसरत असे, त्यांवर भराव टाकून आपण घरे, रस्ते आणि कारखाने उभारले. जितकी जागा बुजली तितके आत येणारे पाणी घटले आणि ओहोटीचा जोरही ओसरला. १९७० साली सिडको हे शहर वसवणारे महामंडळ स्थापन झाल्यानंतर वसलेल्या या शहरात राहून भरावाचा दोष झाडांवर ढकलणे थोडे सोयीचेच म्हणायचे.

‘पूर्वी नव्हती’ यात तथ्य आहे, पण अर्धे. भातखाचरांचे आणि मिठागरांचे बांध फुटले, तेथे खारे पाणी परत आले आणि त्यामागोमाग तिवरे आली.

राहिले पाणी तुंबणे. शहराचा सखल भाग उधाणाच्या पातळीखाली असल्यामुळे पावसाचे पाणी धारण तलावांत साठवायचे, भरतीला झडपा बंद ठेवायच्या आणि ओहोटीला ते खाडीत सोडायचे, अशी येथील रचना आहे. हे तलाव गाळाने उथळ झाले आणि त्यांतही तिवरे वाढली, तर साठवण कमी होते. तेथे गाळ काढण्याची मागणी रास्त आहे आणि त्यासाठी तिवरांना हात लावायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. खाडीकाठची तिवरे तोडून मात्र या तलावांची खोली इंचभरही वाढत नाही. उलट मुळांनी धरलेला चिखल सुटून खाडीच्याच पात्रात जातो.