तीन स्वेटर, दोन हातमोजे आणि रमचा घोट

पारा उतरला की तोच मेसेज पुन्हा ग्रुपवर फिरू लागतो. पहाटे बाईकवर निघायचंय? मग एकावर एक तीन स्वेटर चढवा, हातमोज्यांचे दोन जोड घाला, मफलर घट्ट गुंडाळा, छातीशी वर्तमानपत्र ठेवा आणि निघताना रमचा एक घोट घ्या. निफाड-पिंपळगाव पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंशांच्याही खाली जातो आणि बाजार समितीच्या रस्त्याला पहाटेच बाईक लागतात. तिथली पोरं हे मनावर घेतात, म्हणून एकेक मुद्दा बघूच.

आधी स्वेटर. बाईकवर खरा त्रास वाऱ्याचा असतो. ५ अंशांत ताशी ६० किलोमीटरने गेलात तर उघड्या कातडीला उणे २ अंशांइतकं गार लागतं. विणीच्या भोकांतून तो वारा आत शिरतो आणि अंगाची ऊब घेऊन जातो. तीन स्वेटरांपेक्षा एक लोकरीचा स्वेटर आणि त्यावर माळ्यावर टाकलेला पावसाळी रेनकोट कितीतरी बरा. गळ्याचं बटण लावा, मनगटाशी फट राहू देऊ नका.

वर्तमानपत्राचा सल्ला मात्र अगदी बरोबर आहे. जॅकेटच्या चेनच्या दातांमधून छातीवर गार वाऱ्याची सरळ रेघ उमटते, ती घडी घातलेला कागद अडवतो. युरोपातले सायकलपटू घाट उतरताना हेच करत आले आहेत. दवाने ओला झाला की बदलायचा, एवढंच.

दोन जोड हातमोजे घट्ट बसले तर रक्तच बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि ब्रेक किती दाबला याचा अंदाज जातो. शिवाय धड गारठलं की शरीर हृदय-फुफ्फुसांसाठी रक्त राखतं आणि बोटांचं कमी करतं. म्हणून बोटं बधिर होत असतील तर आधी छाती आणि मान झाका.

जाड मफलरवर हेल्मेट बसत नाही, मग लोक ते आरशाला अडकवतात. मफलरचं सुटलेलं टोक बाईकच्या साखळीत गेलं तर मान आवळते. आत पातळ कानटोपी घाला.

आणि रम. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा मला संताप येतो तो या एका ओळीमुळे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या आतली उष्णता बाहेर जात असते. आपण किती गारठलोय हेही कळत नाही. त्यात धुकं, आणि पुढे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दात वाजायला लागले तर गाडी बाजूला घ्या. टपरीवर गरम चहा प्या, थोडं चाला, आणि बोटं नीट मिटता-उघडता आली की मगच किक मारा.