टोकाला वजन बांधलं की आर्म जास्तच थरथरतो

भाच्याचा अंधेरी एमआयडीसीत गाळा आहे. फिरत्या आर्मवर प्रोब, म्हणजे माप घेणारी सुई, लावून गोल जॉब, म्हणजे घडवलेले सुटे भाग, तपासायचं काम. परवा गेलो तर आर्मच्या टोकाला लोखंडाचा गोळा तारेनं बांधलेला! "मामा, ग्रुपवर आलंय," म्हणत त्यानं मेसेज दाखवला: आर्म थांबल्यावर थरथरतो? टोकाला वजन बांधा, जड वस्तू हलत नाही. खाली रबर घाला. वेग निम्मा करा. कंट्रोलरमधले (आर्म फिरवणाऱ्या यंत्रणेतले) उपाय म्हणजे निव्वळ लुबाडणूक.

आधी वजन, कारण नुकसान त्यानंच केलंय. टेबलाच्या कडेला स्टीलची पट्टी दाबून टिचकी मारा. मग टोकाला खोडरबर चिकटवून पुन्हा मारा. झोके संथ होतात आणि लांबतात. आर्मचंही तेच. ताठरपणा तेवढाच ठेवून टोकाचं वजन चौपट केलं, तर झोक्यांचा वेग निम्मा होतो. आणि झोका जिरवणारं घर्षण वाढलेलं नसल्यामुळे तो विरायला जवळपास चौपट वेळ घेतो. आम्ही मोबाईलवर स्लो मोशनमध्ये मोजलं: आधी सेकंदाला आठ झोके, गोळा बांधल्यावर चार. चार सेकंदांत स्थिर होणारा प्रोबचा आकडा पंधरा सेकंद नाचत होता. कामावरचा पोरगा तेवढा थांबेल कशाला? नाचता आकडाच वहीत उतरवायचा. आठवडाभर चांगले जॉब रिजेक्टच्या ट्रेमध्ये पडत होते. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानं तरी पट्टीला टिचकी मारून बघायची होती!

रबराचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. गाळा रुळांलगत असेल आणि लोकल गेली की फरशी हादरत असेल, तर योग्य पॅड कामाला येतात. पण हा आर्म स्वतःच्या थांबण्यानं थरथरतो. मऊ रबरावर ठेवलं तर वर अख्खं मशीनही डुलेल.

वेग निम्मा करूनही शेवटी झटक्यात थांबवलं, तर झटका उरतोच.

राहिली लुबाडणूक. एमआयटीच्या नील सिंगर आणि वॉरन सीअरिंग यांनी १९९० साली छापलेली रीत सगळ्यांसाठी खुली आहे. थ्रीडी प्रिंटरवाल्यांचं क्लिपर नावाचं सॉफ्टवेअर तेच करतं, तेही फुकट. आर्मला द्यायचा धक्का दोन हप्त्यांत द्यायचा: अर्धा आत्ता, उरलेला साधारण तेवढाच अर्ध्या झोक्यानंतर. दुसऱ्यानं उठलेला झोका पहिल्याच्या बरोबर उलटा पडतो आणि दोन्ही एकमेकांना खातात. थांबवतानाही तसंच.

गोळा काढला. आठ झोक्यांच्या हिशेबानं कंट्रोलरमध्ये ६२ मिलिसेकंदांचं अंतर टाकलं. आर्म फिरला, थांबला, आणि भाच्यानं श्वास सोडायच्या आत आकडा बसला.