ॲप बनवणाऱ्या राजेहो, तुमच्यासाठी

नवीन ॲप काढता का? काढा. त्यात आम्ही आंधळ्यांनी पाय ठेवू नये, यासाठी काही युक्त्या सांगतो. सगळ्या परवाच माझ्यावर करून झाल्या आहेत.

बटणांना नाव देऊ नका, नुसतं चित्र चिकटवा. मग पडद्यावरचं वाचून दाखवणारा फोनमधला टॉकबॅक "बटण, बटण, बटण" म्हणत बसतो. पैसे पाठवायचं कोणतं आणि रद्द करायचं कोणतं, हे आम्ही दाबून बघतो.

मराठी सूचना कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्येच टाइप करा. तुम्हाला छान 'नागपूर' दिसतं, आमचा स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांची भेळ वाचतो. तीही नको असेल तर कागदाचा फोटो काढून पीडीएफ म्हणून चढवा.

कॅप्चातली, म्हणजे 'मी रोबोट नाही' हे सिद्ध करायची अक्षरं वाकडी हवीत. ऐकण्याची सोय नको.

आणि केवायसी! "चेहरा गोलात आणा" हे फक्त पडद्यावर लिहा, बोलू नका. परवा बँकेच्या ॲपनं माझं हेच केलं. गोल कुठे, चेहरा कुठे? तीनदा प्रयत्न केला, बहुतेक छताच्या पंख्याचं केवायसी होत होतं. मग म्हणे, डोळे मिचकवा. मिचकवले. तोवर वेळ संपली, पुन्हा पहिल्यापासून. हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, "काका, घरात डोळस कोणी नाही का? नाहीतर शाखेत या." मे महिन्यात, नागपुरात, भर दुपारी, मानकापूरहून सीताबर्डीला! शेवटी शेजारचा बारावीतला पोरगा आला. त्यानं फोन धरला, माझी हनुवटी डावी-उजवी केली, ओटीपी मोठ्यानं वाचला, जाता जाता शिल्लकही बघितली. लगेच त्याच बँकेचा मेसेज: ओटीपी कोणालाही सांगू नका. आता सांगा, कोणाला नाही सांगू?

कायद्याचं टेन्शन घेऊ नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, नियम २०१७ चे, सेवा सुगम करायला मुदत दोन वर्षांची. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं याच केवायसीवर निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि पापण्या मिचकवण्याला दुसरा पर्याय द्या, असं सांगितलं. सांगू द्या.

३ डिसेंबरला दिव्यांग दिनाचं पोस्टर तेवढं न चुकता टाका. चित्रात काय आहे ते मात्र लिहू नका.

जाऊ द्या, मला नाही जमत हे गोड बोलणं. लाज कशी वाटत नाही तुम्हाला? एका बटणाला नाव द्यायला एक ओळ लागते, एक! एनव्हीडीए, म्हणजे संगणकाचा पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. ते टाका, मॉनिटर बंद करा, माऊस बाजूला ठेवा आणि स्वतःच्याच साइटवरून पाचशे रुपये पाठवून दाखवा. नसेल जमत, तर आधी ते दुरुस्त करा आणि मग जाहिराती करा. खातं माझं, पैसे माझे. ५६ वर्षांच्या माणसाची हनुवटी धरून शेजारच्या पोरानं का फिरवायची?