शेपूटगणती

उंदरांची शिरगणती म्हणायची, पण हाताला लागते ती शेपटीच. तीही मुळाशी धरायची. टोकाशी धरली तर काही जातींत कातडी मोज्यासारखी निघून चिमटीत राहते आणि मालक पसार होतो. त्यामुळे ‘पावसाळ्यानंतर उंदीर किती वाढले हो?’ असं कुणी विचारलं, की आम्ही आधी विचारतो, ‘सापळ्यातले की रानातले?’ हे दोन आकडे फार क्वचित एकमेकांना ओळख देतात.

सिंहगडाच्या उतारावर काम असेल तर वनखात्याची परवानगी खिशात ठेवून शंभर शेर्मन सापळे पाठीवर घ्यायचे. हा सापळा म्हणजे ॲल्युमिनियमचा घडीचा डबा, साधारण २३ सेंटीमीटर लांब, आत पाय पडला की दार पाडणारी पट्टी. दहा ओळी, ओळीत दहा सापळे, दोन सापळ्यांत दहा मीटर. कागदावर हा चौकोन फार देखणा दिसतो. जमिनीवर त्याचा दर तिसरा बिंदू करवंदाच्या जाळीत येतो.

पट्टी नाजूक लावली तर वाऱ्यानेही दार पडतं. घट्ट लावली तर दहा ग्रॅमचा शेतातला चिमुकला उंदीर आत येतो, जेवतो, मिशा पुसतो आणि निघून जातो. कामाचा हिशेब सापळे गुणिले रात्री असा; त्यात रिकामा पण दार पडलेला सापळा अर्धी रात्र धरायचा. तोंडाकडे किंचित उतार ठेवायचा, नाहीतर पावसात डब्याचं टाकं होतं. आमिष म्हणजे शेंगदाण्याचं कूट आणि ज्वारीचा भरडा, सुपारीएवढी गोळी. मुंग्यांना हे प्रमाण अतिशय पसंत आहे. गडमाथ्याजवळ तर आमची स्पर्धा थेट कांदाभज्यांशी! १९७५ साली या पठारावरून नोंदवलेला, गडाचंच नाव लावणारा कोंडाणा उंदीर आमच्या गोळीला काय किंमत देत असेल, याची कल्पना केलेली बरी.

सकाळी ऊन चढायच्या आत फेरी संपवावीच लागते, कारण तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये कैदी दगावतो. थंडीत डब्यात कापूस घालायचा. पावसाळ्यात एखाद्या दारामागे खेकडा निघतो, एखाद्यात बेडूक. चिचुंद्री तर हमखास. ती उंदरांच्या कुळातली नाही, तरी वास मात्र यादीत नाव असल्यासारखा सोडून जाते. उंदीर निघालाच तर डब्याचं तोंड कापडी पिशवीत रिकामं करायचं, स्प्रिंगच्या काट्याला पिशवी लटकवायची, नर-मादी बघायची, पाठीवरचे केस कातरून खूण करायची आणि सोडायचं. हातमोजे घालायचे, लेप्टोस्पायरा हा रोगाचा जंतू मुतातून येतो आणि पिशवीत सगळे घाबरून तेच करतात.

आता खरी गंमत. पावसाबरोबर गवत येतं, गवताबरोबर पिल्लं. अनेक जातींत मादीला जेमतेम तीन आठवडे पुरतात. जुलैत काही बिळं बुडतात, पण पावसाळा सरताना पिल्लं बाहेर पडू लागतात आणि गवताचं बी पिकलं, की रानात उंदीर साधारण सर्वांत जास्त. नेमके तेव्हाच सापळे ओस! पायाशी बियांची पंगत मांडलेली असताना डब्यातली शिळी गोळी कोण खाणार? उन्हाळ्यात गवत वाळतं, वणवे लागतात, उंदीर घटतात आणि उरलेले भुकेपोटी सापळ्यासमोर रांग लावतात. नुसते सापडलेले मोजले, तर आलेख उलटा निघतो.

म्हणून खुणा. पहिल्या फेरीत २४ उंदरांना खूण केली, दुसऱ्या फेरीत ३० सापडले, त्यातले ८ खुणेचे. पकडलेल्यांत खुणेचे जेवढ्या प्रमाणात, तेवढ्याच प्रमाणात रानातही, असं धरायचं: २४ गुणिले ३० भागिले ८, म्हणजे रानात सुमारे ९०. सुरेख! पण काही उंदरांना सापळा म्हणजे फुकटची खानावळ वाटते. खुणेचे २० परत आले, की तेच रान ३६ वर येतं. उलट, केस कातरल्याचा राग धरून फक्त दोघेच आले, तर ३६०. उंदीर तेवढेच असतात. बदलतं ते त्यांचं आमच्याबद्दलचं मत. म्हणून तीन-चार रात्री सलग लावायचे, दर ऋतूत त्याच जागी, त्याच गोळीनं, आणि आकड्याशेजारी त्या वेळी गवतावर बी किती होतं तेही लिहायचं. या शेवटच्या रकान्याचा कंटाळा करणाऱ्याच्या आलेखावर आमचा विश्वास नाही.

शेवटी सापळे धुणं. बिनवासाची पावडर, जुना दातांचा ब्रश, बिजागरीतला लाल चिखल, मग उन्हात वाळवण. शंभर नेलेले असतात, मोजल्यावर सत्त्याण्णव भरतात. उरलेले तीन वाडीतल्या कुत्र्यांनी नेलेले असतात, गोळीसकट.