नुसता आकडा पाठव म्हणे!

सकाळी साडेसातला कॅनडातल्या कॅलगरीहून पुतण्याचा फोन. "काकी, काकांच्या वहीतला तो ३०८ चा आकडा तेवढा व्हॉट्सॲप कर ना. बाकी काही नको, नुसता आकडा."

तेव्हापासून डोकं तापलंय. इथे गोव्यात, बांदोड्यात रात्रीपासून पाऊस धरलाय, लाइट गेलेत, मोबाइलला ३४ टक्के चार्ज आहे. तो संपेस्तोवर लिहिते.

माहीत नसलेल्यांसाठी सांगते. ३०८ हा रायफलच्या काडतुसाचा एक प्रकार, आणि आकडा म्हणजे त्यात किती पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, घालायची ते वजन. आमचे हे तिकडे कॅनडात असताना क्लबात रायफलने नेमबाजी करायचे आणि काडतुसं घरी भरायचे. तिकडे तो रीतसर छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवताच येत नाही, तेव्हा इथल्या कुणी हे वाचून हात शिवशिवू देऊ नयेत. उडालेली पितळी पुंगळी साफ करायची, मापात आणायची, नवा प्रायमर (बुडाशी बसणारी, ठिणगी पाडणारी टिकली) बसवायचा, पावडर तोलून घालायची, वर बुलेट बसवायची. तोलायचं काम ह्यांचं, लिहायचं माझं. म्हापशाच्या बाजारातून नेलेली हिशेबाची लाल वही होती, तिच्यात मी रकाने आखले होते.

त्या वहीतून आकडा तेवढा उचलून पाठवायचा?

त्या एका आकड्याच्या ओळीत अकरा रकाने आहेत. तारीख. पुंगळी कुठल्या कंपनीची आणि कितव्यांदा भरली. ट्रिम केल्यावरची लांबी. प्रायमर कुठला. पावडरीचं पूर्ण नाव आणि डब्यावरचा लॉट नंबर. पूर्ण नाव म्हणजे पूर्ण. ४३५० नावाच्या पावडरी एकाहून जास्त कंपन्यांच्या आहेत आणि त्या एकसारख्या जळत नाहीत, मग नुसतं '४३५०' लिहून काय उपयोग? एकाच कंपनीचा नवा डबा आणला तरी लॉट बदलला की हे पुन्हा कमी वजनावर उतरून थोडी थोडी पावडर वाढवत वर चढायचे. लष्करी पुंगळीची भिंत जाड असते, आत जागा कमी. तेवढ्याच पावडरीने दाब जास्त होतो. पुतण्याची रायफल वेगळी, डबा वेगळा, पुंगळ्या वेगळ्या. माझ्या वहीतला आकडा त्याच्या हातात गेला की तो आकडा राहतच नाही, नुसती अफवा होते.

वर मला म्हणतो, "मी कुठे लिहीत बसू काकी, माझ्या लक्षात असतं सगळं."

हेच वाक्य ह्यांनीही म्हटलं होतं. एकदाच. आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात अडतीस काडतुसं भरून ठेवली होती. मी बहिणीकडे गेले होते, वही लिहायला मी नव्हते. आल्यावर विचारलं, चिठ्ठी कुठे? म्हणाले, "लक्षात आहे माझ्या, रविवारी लिहू." त्या शुक्रवारी ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. बोलणं परत यायला पाच महिने लागले. त्या डब्याबद्दल विचारलं की माझ्याकडे बघत राहायचे आणि हाताने काहीतरी तोलल्यासारखं करायचे.

चूक माझ्याकडूनही झालेली आहे, तीही सांगते. ह्यांनी तराजूवर बघून सांगितलं, "एकेचाळीस सहा," म्हणजे ४१.६. मी टीव्हीकडे बघत लिहिलं ४६.१. आपल्या मराठीत एकं आधी आणि दहं मागून, कानाला ऐकू येतं एक आणि हात भलतंच लिहितो. पण वरच्या ओळींत ४०.८, ४१.२ असं चढत आलेलं होतं, त्यामुळे तो ४६ डोळ्यांत खुपला. हे आकडे ग्रेनमधले, एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. साडेचार ग्रेन म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही, आणि रायफलच्या चेंबरजवळ, म्हणजे काडतूस जिथे उडतं तिथेच जवळ, गाल ठेवून बसलेल्या माणसासाठी तेवढं पुष्कळ आहे. त्या दिवसापासून नियम केला: ह्यांनी सांगायचं, मी लिहून मोठ्याने वाचायचं, मग ह्यांनी पुन्हा तराजू बघायचा.

तापमानाचा रकाना मी आधी उगाच मानायचे. मार्चच्या थंडीत शून्य अंशावर नीट वाटलेली काडतुसं जुलैच्या उन्हात उडवली तर बोल्ट (रायफल उघडायचा दांडा) उचलताना जड गेला, प्रायमर चपटे झाले, म्हणजे दाब वाढला होता. रकाना होता म्हणून कळलं, कारण उन्हाचं होतं.

मोबाइलच्या ॲपवर लिहिलं तरी चालतं, मान्य. बंदूकच कशाला म्हणणारेही तुमच्यात आहेत, त्यांचंही मला पटतं कधीकधी. पण आमच्या बाबांच्या काजूच्या भाटीवर प्रत्येक खेपेची तारीख आणि ग्राव, म्हणजे दारूची तीव्रता, खडूने भिंतीवर लिहिलेले असायचे. फेणीसाठी एवढं करणारी आपण माणसं, आणि जे तोंडासमोर धरून उडवायचं त्याला चिठ्ठी नाही?

तर तो डबा. मी एकटीने सोडवली ती काडतुसं. बुलेट काढायचा प्लॅस्टिकचा हातोडा असतो, त्याच्या डोक्यात काडतूस उलटं अडकवायचं आणि लाकडाच्या ठोकळ्यावर आपटायचं. दोन-तीन ठोक्यांत बुलेट सुटते, मागोमाग पावडरीचे काळपट दाणे खुळखुळत येतात. पहिल्या पाचांतली पावडर मी तोलली. तीन वेगवेगळी वजनं निघाली! बहुतेक चढत्या क्रमाने भरून बघत होते आणि सगळी एकाच डब्यात टाकली होती. उरलेली तोलली नाहीत. पावडर कुठली तेही दाण्यांवरून सांगता येईना. परसात गवतावर पातळ पसरून टाकली. अडतीस वेळा आपटलं. खालच्या शेजारणीने येऊन विचारलं, भिंतीत खिळे मारतेस का. मी हो म्हटलं आणि दार लावून घेतलं.

आत्ता मेणबत्ती लावून वही काढली. पुठ्ठ्याला बुरशी धरलीय, इथली हवाच तशी. पानं शाबूत आहेत. पुतण्याला मघाशीच लिहिलंय, आधी तुझ्या डब्याच्या लेबलचा, लॉट नंबर दिसेल असा फोटो पाठव, आणि एक वही घेऊन रकाने आखून त्याचाही पाठव. मग मी अख्खी पानं पाठवते, ओळ न ओळ, माझ्या त्या खोडलेल्या ४६.१ सकट. पण चढायचं तुझं तूच, तुझ्या पावडरीच्या कंपनीच्या पुस्तकातल्या खालच्या आकड्यापासून.

रागावला असेल. पण पोरगा वाईट नाही, काकांचा जीव होता त्याच्यावर. ह्यांचा काडतुसं भरायचा प्रेस त्यानेच जपून नेला, माझ्यासमोर एकेक नट पुसून.

दोन निळ्या टिका दिसतायत. उत्तर नाही अजून. मोबाइल ९ टक्क्यांवर आलाय.