त्या फोटोला कोर्टाने पास केलं नव्हतं, मामा!

पितृपक्ष लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. काळ्या कपड्यांतली विधवा बाई बसलेली, मागे धूसर अब्राहम लिंकन, हात तिच्या खांद्यांवर. खाली मजकूर: "लिंकनच्या पत्नीचा अस्सल फोटो. तेव्हा फोटोशॉप नव्हतं. बाईंनी खोटं नाव सांगितलं, तरी पती प्रकटले. फोटोग्राफरवर खटला झाला, कोर्टाने निर्दोष ठरवलं." यंदा तो मामाने पाठवला आणि वर माझं नाव घालून "आता बोला" असं लिहिलं. बोलतो.

बाई अस्सल आहेत, हे कबूल. मेरी लिंकन 1872च्या सुमारास बॉस्टनला विल्यम मम्लरच्या स्टुडिओत खरोखर गेल्या होत्या. मम्लर मूळचा दागिन्यांवर नक्षी कोरणारा कारागीर, पुढे गिऱ्हाइकामागे मेलेल्या माणसाचं भूत दिसणारे फोटो विकू लागला.

आधी कोर्टाचं घेतो, कारण तिथे साधं सालच जुळत नाही. मम्लरवरचा खटला न्यूयॉर्कमध्ये 1869 साली चालला. हा फोटो त्यानंतर तीनेक वर्षांनी निघाला. मग कोर्टाने पास काय केलं? तीही फक्त प्राथमिक चौकशी होती. प्रकरण ग्रँड ज्युरीकडे, म्हणजे रीतसर खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडे, धाडायचं की नाही, एवढंच ठरायचं होतं. न्यायाधीश डाउलिंग यांनी सांगितलं, की लबाडी झाली असं मला वाटत असलं तरी सरकार पक्षाला ती सिद्ध करता आलेली नाही. पुराव्याअभावी सुटलेले लोक आपल्याकडे कसे हार घालून मिरवतात, ते मामाला सांगायला नको.

त्याच खटल्यात सर्कसवाला पी. टी. बार्नम मम्लरच्या विरोधात साक्षीला उभा राहिला. अब्राहम बोगार्डस या फोटोग्राफरने त्याचा एक फोटो मुद्दाम बनवला होता, तो कोर्टात दाखवला गेला. बार्नमच्या मागे भूत कोणाचं? लिंकनचंच! म्हणजे मम्लरच्या लिंकनआधीच विरोधकांनी आपला लिंकन उठवून दाखवला होता.

"फोटोशॉप नव्हतं." नव्हतं, पण काच होती. तेव्हा काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, प्रकाश टिपता यावा म्हणून ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. काच महाग, म्हणून जुनी धुऊन-घासून पुन्हा वापरत. नीट घासली नाही, तर आधीच्या गिऱ्हाइकाची पुसट सावली नव्या फोटोत उठे. मुद्दाम करायचं, तर एकाच काचेवर दोनदा फोटो घ्यायचा, पहिला अगदी थोडा वेळ. रोलच्या कॅमेऱ्यात रोल पुढे सरकवायला विसरून ज्यांनी मुंजीच्या फोटोवर गणपती काढलाय, त्यांना हे वेगळं समजवायला नको. दुसरी युक्ती आणखी सोपी: पांढरी चादर घेतलेला माणूस थोडा वेळ उभा करायचा आणि एक्सपोजर संपण्याआधी बाजूला काढायचा. ही गंमत डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1856 सालीच छापली होती.

खोट्या नावाची कथा मम्लरने स्वतःच्या आठवणींत सांगितली आहे. दुकानदाराने आपल्याच मालाला दिलेलं प्रशस्तिपत्र, एवढीच तिची किंमत. मेरी लिंकन देशाला माहीत असलेल्या बाई, आणि लिंकनचे छोटे छापील फोटो सर्रास विकत मिळायचे.

राहिला अशा फोटोंच्या बाजूने नेहमी केला जाणारा दावा: "लोकांनी आपापली माणसं ओळखली." बॉस्टनमध्ये मम्लरची काही भुतं तिथेच हिंडणाऱ्या जिवंत माणसांची निघाली, आणि ते उघडकीला आणणारे डॉ. गार्डनर स्वतः आत्म्यांवर श्रद्धा असलेले होते. पॅरिसमध्ये 1875 साली ब्यूगे नावाचा असाच फोटोग्राफर पकडला गेला. त्याच्याकडे बाहुल्या आणि नकली डोकी सापडली. त्यातल्या एकाच डोक्याला कोणी बहीण म्हणून ओळखलं होतं, कोणी आई म्हणून, कोणी मित्र म्हणून. ब्यूगेने गुन्हा कबूल केला, डोकी कोर्टात मांडली गेली, तरी साक्षीदार एकामागून एक उठून सांगत राहिले, की आमचा फोटो मात्र खरा आहे.